पुठ्ठ्याची उलटी बाजू

“गळती सापडली नाही, तर हा पाना विहिरीत टाकीन!” असं भिवा मिस्त्री छातीवर हात मारून बोलून बसला होता. रावराणेसाहेबांच्या जुन्या गाडीखाली रोज सकाळी ऑइलचं थारोळं साचायचं, आणि तीन मेकॅनिक हात टेकून गेले होते.

भिवानं इंजिन रॉकेलनं लख्ख धुतलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पाहतो तर पावडरीवर एक ओघळ नाही. पुठ्ठा वरून कोरडा, पण उलटा केला तर काळ्या ऑइलनं चिंब!

“साहेब, तुमची गाडी बिचारी निर्दोष आहे. ऑइल जमिनीतून वर येतंय.”

त्यानं कोब्याला कान लावला. खाली एक इंजिन संथपणे चालू होतं. साहेबांचा थोरला भाऊ गाडीसकट बेपत्ता झाला, त्याच साली गॅरेजात हा कोबा घातला होता. भिवाला ते आत्ता आठवलं.

“शाब्बास, जिंकलास,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “इकडं आलायस ते घरी सांगितलंयस का रे?” आणि त्यांनी शटर आतून खाली ओढलं.

तेवढ्यात कोब्याखाली कुणीतरी गिअर टाकला.