हिरवा माग
लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टचं सांडपाणी खालच्या ठाकरवाडीच्या झऱ्यात उतरतं, हे भूजलावर संशोधन करणारी रूपा सांगून थकली होती. मॅनेजर हसायचा, "मॅडम, खाली अखंड कातळ आहे. थेंब झिरपत नाही." शेवटी तिनं पाण्याचा माग काढायचा हिरवा रंग आणला. "मग तुमच्या संडासाच्या टाकीत हा ओता." त्यानं स्वतःच्या हातानं अख्खी बाटली रिकामी केली. तिसऱ्या दिवशी झऱ्यावर ठरल्याप्रमाणे बायांनी हंडे बडवले. पाणी पोपटी आलं होतं. रूपानं ते भरून नेलं आणि जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर मॅनेजरच्या ग्लासात ओतलं. "प्या, साहेब." तो दचकून मागं सरकला. "हे विष कोण पिणार?" रूपा वाडीचीच लेक, तिची शहरी भाषा गळून पडली. "भिऊ नगा, रंगानं कायबी व्हत न्हाई. रंगाबरोबर जे आलंय, ते आमी लय वर्सं पितोय. प्या!"