वाहिलेल्या दूर्वा

कुत्र्यांनी कबरी मांजरीच्या आईला फाडल्यापासून कबरीला ठकुबाईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. तरी तिला जंत झालेच. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, दुधाला तोंड लावीना, वावडिंगाचं पाणी पाजलं तर तिनं तेही थुंकून टाकलं. शेवटी ठकुबाई रोज सकाळी पवनेकाठच्या ताज्या दूर्वा आणून गणपतीला वाहू लागली आणि गाऱ्हाणं घालू लागली. नवल असं, की दुपारपर्यंत दूर्वा गायब व्हायच्या. ठकुबाईचा देव दूर्वा खातो, ही बातमी चिंचवडभर झाली.

आज तिनं दाराआडून पाहिलं. कबरी झोकांड्या खात देव्हाऱ्यापाशी आली, तिनं देवाच्या डोक्यावरच्या दूर्वा चावून चावून खाल्ल्या आणि कोपऱ्यात जाऊन जंतांचं वेटोळं ओकली. मग वाटीतलं दूध चाटूनपुसून प्यायली. ठकुबाईचे हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात शेजारची सावित्रीबाई नारळ घेऊन दारात आली. तिचा नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यावर लागला होता.

"आज खाल्ल्या का हो देवानं?"

"खाल्ल्या की," ठकुबाई हळूच म्हणाली. "आज तर म्या डोळ्यांनी पाह्यलं."