तासाभराची अदलाबदल

रोज सकाळी एक तास सुनेचा मोबाईल जानकीच्या कमरेला आणि जानकीची मिश्रीची डबी सुनेच्या पर्समध्ये, असं दोघींचं ठरलं होतं. एकीची खोड दुसरीनं सांभाळायची, म्हणजे दोघींची हळूहळू सुटेल. आज मात्र ती बया घाईत डबीसकट पवईला ऑफिसात गेली, मोबाईल इथेच. तो मेला दिवसभर कमरेला थरथरत होता आणि इकडे जानकीच्या हिरड्या शिवशिवत होत्या. शेजारणीकडे चिमूटभर मागावी, तर तिलाच परवा ऐटीत सांगितलेलं, "सोडली मी!" भांडी आपटून झाली, देवालाही सुनावून झालं. संध्याकाळी सून दारातूनच ओरडली, "आई, अख्खा दिवस मोबाईल नाही! वाट लागली माझी!" "आणि माझी?" जानकीनं पर्समधून डबी हिसकावली, झाकण अर्धं उघडलं... खटकन बंद केलं आणि डबी परत पर्समध्ये कोंबली. ती फणकारली, "उद्यापण अशीच विसर गो!"