पाऱ्याची डबी

“रात्री साहेब परत कोट घालून झोपले,” जाफर मिस्त्रीने खाली मान घालून सांगितलं, आणि जयदेवने चहाचा कप टेबलावर आपटला.

केलर साहेब म्हणजे बॉयलर बसवून द्यायला परदेशातून आलेले तज्ज्ञ. पावणे गावाजवळ खाडीकाठी नवा कारखाना उभा राहत होता. सन चौसष्टात त्या भागात साहेबाला राहण्याजोगा बंगला कुठून मिळणार? म्हणून कंपनीने मुंबईहून चाकांचा ट्रेलर ओढून आणला होता. आत पलंग, बेसिन आणि हवा गार करणारं यंत्र.

यंत्र झकास होतं. आडमुठा होता तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट. खोली पार गारठल्याशिवाय तो यंत्र बंद करत नसे, आणि माणूस घामाने निथळल्याशिवाय पुन्हा चालू करत नसे. केलर साहेब रोज सकाळी शिंकत बाहेर यायचे.

जयदेव साइट इंजिनिअर होता. साहेबांनी शेरा चांगला दिला की मॅनेजरची खुर्ची त्याचीच. त्यासाठी त्याने रक्त आटवलं होतं. खाडीच्या दलदलीत, खाजणात मुरूम टाकून मैदान केलं, हेड ऑफिस भराव दबायला एक पावसाळा थांबा म्हणालं तरी न थांबता पाया घातला, बॉयलरचा काँक्रीटचा चौथरा बांधून तयार ठेवला. आणि आता सगळं अडलं होतं साहेबाच्या झोपेपाशी. त्याला रडावं की हसावं कळेना.

म्हणून त्याने मुंबईहून नवीन थर्मोस्टॅट मागवला. त्या डबीत काचेची छोटी नळी होती आणि नळीत पारा. उकडलं की नळी झुकायची, पारा ओघळून तारा जोडायचा, यंत्र सुरू. गारवा आला की उलट. काम अगदी नाजूक. एकच अट होती, डबी भिंतीवर सरळ बसली पाहिजे. जरा तिरकी झाली की पाऱ्याचा हिशेब चुकला.

जाफर मिस्त्रीने सपाटी तपासायची पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध आणून डबी बसवली. साहेब दोन दिवस खूश. मग परत शिंका.

“जाफरभाई, तुम्ही डबी बसवता की खिळ्याला पिशवी अडकवता?” जयदेव म्हणाला.

“साहेब, पाणसळ लावूनच बसवली व्हती. तुमी होते की समोर.”

“मग आता तिरकी कशी झाली?”

जाफरने पाणसळ पुन्हा हातात घेतली. त्याने डबी पुन्हा सरळ केली. ती पुन्हा कलली.

मग जयदेवचा संशय येसूबाईंवर गेला. कोपरखैरण्याहून येणाऱ्या येसूबाई ट्रेलरची झाडलोट करायच्या, आणि त्यांचा फडक्याचा हात काही हलका नव्हता.

“मावशी, भिंतीवरची डबी पुसता का तुम्ही?”

“मी कशाला पुसू? मना काय कलतंय त्यातला? जुनी डबी काय वाईट व्हती? ती तरी मुकाट बसलेली.”

“उद्यापासून आत यायचं नाही. बाहेरूनच काय ते करा.”

“भायरून झारू कशी मारू, ते पन सांगा,” येसूबाई म्हणाल्या आणि झाडू तिथेच टाकून घरी गेल्या.

डबी तरीही कलली. आता ट्रेलरमध्ये झाडलोटही होईना. शिंकणाऱ्या साहेबाच्या खोलीत धूळ साचली, आणि त्याचंही खापर जयदेवच्याच डोक्यावर फुटलं.

शेवटी त्याला वाटलं, कारण सापडलं. ट्रेलर रस्त्याकडेला उभा होता. मुरमाचे ट्रक दिवसभर शेजारून धडधडत जायचे, त्या हादऱ्यांनीच डबी सरकत असणार. साइटवर सगळ्यात भक्कम जागा कोणती? अर्थात बॉयलरचा चौथरा. बॉयलर यायला अजून अवकाश होता. जयदेवने वीसेक माणसं लावली, फळ्यांचा उतार केला आणि ट्रेलर ढकलत काँक्रीटवर चढवला. चाकांखाली अडसराला लाकडी ठोकळे लावले, चारी कोपऱ्यांना जॅक दिले. मग जाफरला बाजूला सारून त्याने डबी स्वतःच्या हाताने बसवली. स्क्रू असे पिळले की बोटं लाल झाली.

साहेब छान झोपले. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या सकाळी ते हसत बाहेर आले. कोट अंगात होता, तरी हसत होते. जयदेवचा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्या नावाची शिफारस कालच मुंबईला धाडली, काम बघून मी समाधानी आहे. बॉयलर वेळेआधीच आलाय, आज दुपारीच चढवू. आणि हो, तेवढी खोली परत गार पडते आहे.

जयदेवचं काळीज सुपाएवढं झालं. पण शेवटच्या वाक्याने त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

“जाफरभाई, परत हात लावलात ना?”

“नाय साहेब. या टायमाला तुमीच बसवली.” जाफर शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला.

जयदेव पाणसळ हिसकावून ट्रेलरमध्ये चढला. डबीवर धरली. बुडबुडा खाडीच्या उलट बाजूला गेला होता, म्हणजे डबी खाडीकडे कलली होती. स्क्रू तपासले, ते जागचे हलले नव्हते. त्याने पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर ठेवली. तिथेही बुडबुडा त्याच बाजूला. म्हणजे जॅक ढिला पडला असणार. “एक काम धड करत नाहीत,” असं पुटपुटत तो खाली उतरला.

फाटकाशी हॉर्न वाजला. बॉयलर लादलेला ट्रेलर आत वळत होता आणि केलर साहेब हात हलवून त्याला चौथऱ्याकडे बोलावत होते. पुढेमागे पन्नासएक माणसं दोर धरून चालली होती.

चारी जॅक घट्ट होते. जयदेव गुडघ्यांवर बसला आणि त्याने पाणसळ सरळ काँक्रीटवर ठेवली. मग पाणसळच खोटी नसेल ना म्हणून टोकं फिरवून पुन्हा ठेवली. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच, खाडीच्या उलट बाजूला जाऊन थांबला.