दुपारचे आकडे

बाबांची साखर सकाळी एकशे वीस आणि दुपारी तीनशेच्या वर. मशीनमध्ये साठलेले महिन्याभराचे आकडे बघून डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्याच आठवड्यात बाबा जिन्यात घामाघूम होऊन मटकन खाली बसले. लेकीने घाईघाईने त्यांच्या बोटाला सुई टोचली, तर साखर चोपन्न.

आईने पाजलेलं साखरेचं पाणी पोटात गेल्यावर बाबा सावरले, तशी लेक मशीन घेऊन बसली. रोज दुपारी अडीच-पावणेतीनची वेळ. कधी तीनशे वीस, कधी तीनशे चाळीस.

"बाबा, तुम्ही दुपारी जेवल्या जेवल्या तपासता का?"

"दुपारी? अगं, मी तपासतो फक्त सकाळी. दुपारी मी छापखान्यात प्रुफं वाचत असतो."

"मग हे आकडे आले कुठून?"

"मला काय विचारतेस? मशीनला विचार. बिघडलं असेल."

लेकीने स्वतःचं बोट टोचून बघितलं. पंच्याण्णव. पट्ट्यांची मुदत बघितली, तीही संपली नव्हती. मशीनमध्ये काही खोट नव्हती.

बाबांच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात थांबला.

"एका घरात दोघांचं दुखणं कशाला, म्हणून बोलले नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं, मशीन आकडा दाखवतं आणि विसरून जातं."