एकशे एकाहत्तरावा दिवस

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. कारण यात माझाच हात आहे, आणि मी अजून सिटीच्या नियोजन खात्यात काउंटरवर बसतो.

गुरुवार, दुपारचे तीन. मी आणि माझा मित्र क्लेटन त्याच्या आईच्या ट्रेलरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ट्रेलर म्हणजे कधीतरी चाकांवर आणलेलं आणि मग ठोकळ्यांवर कायमचं बसलेलं घर. त्याची आई, ज्यांना गावात सगळे मिस व्हर्ना म्हणतात, यात एकतीस वर्षं राहिल्या. आता खुब्याचं हाड मोडून शेजारच्या गावातल्या शुश्रूषा केंद्रात पडून आहेत, ऑपरेशन दोनदा झालं. घर रिकामं होऊन त्या दिवशी एकशे एकाहत्तर दिवस झाले होते.

एकशे ऐंशी झाले की घर जाणार.

ही जागा गेल्या वर्षी शहराच्या हद्दीत आली. आमच्या हद्दीत या झोनमध्ये ट्रेलर चालत नाही. आधीपासून आहे म्हणून राहू देतात, पण आत माणूस राहत असेल तरच. सलग एकशे ऐंशी दिवस कुणी नसलं की उचलायचा. जमीन तुमची राहते, घर नाही.

हद्दीत घ्या म्हणून अर्ज मिस व्हर्नांनी स्वतःच केला होता. बोअरचं पाणी तांबडं यायला लागलं होतं, आणि हद्दीबाहेर सिटी नळ देत नाही. सही कुठे करायची ते मी दाखवलं. त्यांनी विचारलं, "पोरा, यानं माझं काय बदलेल?"

"काही नाही, मिस व्हर्ना. पाणी येईल."

नियम मला पाठ होता. पण इतकी ठणठणीत बाई घर सोडून जाणार कुठे, असं वाटलं.

सिटीची पांढरी गाडी वळणावर दिसली तसा क्लेटन उठून उभा राहिला. त्यानं सकाळी आल्या आल्या, घरात कुणी राहतंय असं दिसावं म्हणून, दोरीवर कोरडेच कपडे टांगले होते. त्याचेच, मोठ्या मापाचे.

मिस्टर स्टॅमी उतरले. खात्यातले सगळ्यात जुने निरीक्षक. आधी दोरीकडे बघितलं, मग क्लेटनकडे.

"आईनं अंग बरंच धरलंय रे."

क्लेटन हसला. घशातून नुसता वारा आल्यासारखा.

"आणि एमिट, तू? कामाच्या वेळेत?"

"जेवायला आलोय."

"रिकाम्या घरात?"

माझे तळहात ओले झाले होते. ते पँटला पुसले, तेही त्यांनी बघितलं.

ते रस्त्याच्या कडेला गेले, मीटरचं लोखंडी झाकण काढलं आणि गुडघ्यावर बसले. तेवढ्यात क्लेटनचा फोन वाजला. घाईत त्याच्या अंगठ्यानं स्पीकरच लागला.

"क्लेटन! जेवलास?"

"हो, आई."

"खोटारडा. कसला खडखडाट येतोय, कोण आहे?"

"सिटीचा माणूस. मीटर बघतोय."

"त्याला सांग, व्हर्ना बिव्हन्स म्हणते पाणी फार गोड आहे. इथलं कॉफीत घातलं तरी औषधासारखं लागतं. आणि डॉक्टर म्हणाला, अजून पाच आठवडे. आल्या आल्या माझ्या शेगडीवर मक्याचे ग्रिट्स शिजत टाकणार, कुणी मधे यायचं नाही." मग आवाज खाली आला. "ए, माझ्या खोलीतली बाई सांगत होती, तिचं घर ती इथे असतानाच गेलं. तिला कुणी कळवलंसुद्धा नाही. आपलं घर आहे ना रे जागेवर?"

क्लेटन मोठा धिप्पाड माणूस, बंदरावर क्रेन चालवतो, आणि फोन दोन्ही हातांत धरून उभा.

"क्लेटन?"

"आहे, आई. मी त्याच्यासमोरच उभा आहे."

मिस व्हर्नांनी फोन ठेवला. मिस्टर स्टॅमींनी सगळं ऐकलं होतं. झाकण लावायला त्यांनी उगाच वेळ घेतला.

"जानेवारीपासून एक थेंब नाही," ते म्हणाले. "मी फक्त दिसतं ते लिहितो, पोरांनो. पुढच्या शुक्रवारी परत येईन. आणि नळ सोडून ठेवायची अक्कल चालवू नका. हल्लीचे मीटर तासातासाचं लिहितात. वाहून गेलेलं पाणी वेगळं दिसतं, माणसानं वापरलेलं वेगळं."

गाडी गेली.

"मी रविवारी सव्हानाला, घरी परत जाणार," क्लेटन म्हणाला. "बायकोला नववा लागलाय. रजा तेवढीच आहे." मग पायरीवर बसला. "तिला काय सांगू? तू सांग. तू सिटीचा ना?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. अर्जावर सही मीच करून घेतली ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. सगळं. मिस व्हर्नांनी काय विचारलं, मी काय म्हणालो ते.

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. नुसतं म्हणाला, "लेका, तुझ्यावर तिचा फार विश्वास होता."

दोरीवरचे शर्ट वाऱ्यानं हलत होते. आणखी आठ दिवसांनी मिस्टर स्टॅमी येतील, आणि पाच आठवड्यांनी मिस व्हर्ना काठी टेकत येतील त्या मोकळ्या ठोकळ्यांपाशी, हे मला लख्ख दिसलं.

"किल्ली दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"राहायला येतो. आजपासून. खरंखुरं राहायला."

"तुझी नोकरी जाईल. सिटीचा माणूस सिटीच्याच नियमात..."

"नियमात माणूस लागतो. कुठला ते लिहिलेलं नाही. मी वाचलंय, क्लेटन, या वेळी नीट वाचलंय." मी किल्लीसाठी हात पुढे केला. "इथेच स्वयंपाक करीन, इथेच भांडी घासीन, इथेच आंघोळ करून कामावर जाईन. तुझी आई स्वतःच्या हातानं दार उघडून मला हाकलेपर्यंत इथून हलणार नाही. शब्द देतो."