दुधाच्या डब्यातला केक

डोरोथीने रिकामा डबा चिमट्यात धरून विस्तवावर तापवून पाहिला. काल असाच एक डबा सांध्यातून उकलला होता आणि सगळं पीठ वाळूत सांडलं होतं. हा टिकला. तिने त्याला आतून लोणी चोळलं, वर्तमानपत्राचा कागद गोल बसवला आणि कालवलेलं पीठ अर्ध्यापर्यंत ओतलं. पातेल्यातली वाळू तापली होती. डबा मधोमध उभा करून तिने वर झाकण ठेवलं, झाकणावर निखारे.

केकची दोन चांगली भांडी घरात होती. पण ती माळ्यावर होती, आणि माळ्यावरचं काढून द्यायचं काम नवऱ्याचं, इसिडोरचं.

डबा समोरच्या आयरीनने दिला होता, तिच्या तान्ह्या मुलीच्या दूधभुकटीचा. आयरीनची नणंद मुलुंडला राहायची, डोरोथीच्या मुलीच्या, नॅन्सीच्याच चाळीत. परवा डबा हातात देताना आयरीन हळूच म्हणाली होती, “तुझ्या नॅन्सीला सातवा लागलाय गो. केक खावासा वाटतो म्हणत होती. मी शुक्रवारी जाते तिकडे. काय द्यायचं असेल तर दे.”

बावन्न सालच्या मे महिन्यात नॅन्सीने ऑफिसातल्या नंदकिशोरशी लग्न केलं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आपण कुठलाच धर्म मानत नाही असं दोघांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे ते लग्न झालं. मुलगी पळून गेली असती तरी इसिडोरने कदाचित सोसलं असतं. ते लिहून दिलेलं त्याला सोसलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं तो घरात लागेल तेवढंच बोलायचा. मीठ दे. दिवा लाव. कोण आलंय बघ.

डोरोथी चुलीपुढे पाट घेऊन बसली. दोन दिवस ती बातमी तिच्या पोटात होती. सांगावं असं मरोळात एकच माणूस होतं, आणि त्यालाच सांगता येत नव्हतं. पातेल्याशी बोलल्यासारखं ती एकदा पुटपुटली, “सातवा लागलाय.” मग स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाली.

साडेतीनला घरात गोड वास भरला. तिने झाकण उचललं, हिराची काडी खुपसून पाहिली. काडी कोरडी निघाली. फडक्याने डबा धरून तिने ओट्यावर ठेवला आणि तेवढ्यात दार वाजलं.

इसिडोर होता. सांताक्रूझच्या वर्कशॉपात मोठं यंत्र बंद पडलं होतं, सगळ्यांना लवकर सोडलं होतं. तो दारातच थांबला. त्याने वास घेतला.

“आयरीनने सांगितलाय,” डोरोथी घाईने म्हणाली. “तिच्या पाव्हण्यांना.”

तो मोरीवर हातपाय धुऊन आला, ओट्याजवळ उभा राहिला. तिने सुरी कडेने फिरवून डबा उपडा केला, थोपटला. केक निघेना. डब्याचा काठ आतल्या बाजूला वळलेला होता आणि फुगलेला केक त्यात अडकला होता. तिने जोरात आपटला. वरचा एक तुकडा सुटून ओट्यावर पडला. तिचे डोळे एकदम भरून आले. एवढ्या तुकड्यासाठी रडू येतंय हे त्याला दिसू नये म्हणून तिने मान फिरवली.

“आण इकडे,” तो म्हणाला.

त्याने आपल्या पेटीतून छिन्नी काढली. डबा आडवा मांडीवर घेतला आणि बूड कडेकडेने, हलक्या हाताने कापत गेला. पत्रा पुरता सुटल्यावर त्याने तो आत दाबला. केक सावकाश पुढे सरकत दुसऱ्या बाजूने बाहेर आला. सबंध. त्याने तो ताटलीत उभा ठेवला आणि मोडलेला तुकडा वर बसवून बोटाने दाबला.

“मुलुंडला कधी जाते आयरीन?”

डोरोथीचा हात पदराशीच थांबला.

“उद्या.”

“बरी आहे ती?”

“सातवा लागलाय,” डोरोथी म्हणाली.

तो पाटावर बसला. खूप वेळ छिन्नी पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

“ह्यात किती अंडी घातलीस?”

“चार.”

“तो खातो काय अंडी?”

कोण, असं तिने विचारलं नाही. ती आठवू लागली. नंदकिशोर एकदाच घरी आला होता, लग्नाआधी. दारातच उभा होता. त्याला पाणीसुद्धा कोणी दिलं नव्हतं.

“ठाऊक नाय,” ती म्हणाली.

“एका घरात दोघं. ती खाणार आणि तो बघत बसणार?”

इसिडोर उठला. खुंटीवरचा सदरा त्याने पुन्हा अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि बाहेर पडला. डोरोथी दारापाशी आली. ही पाणी भरायची वेळ. विहिरीवर पाच-सहा बाया होत्या, गावातल्या, रोज चर्चच्या देवळात भेटणाऱ्या. त्यांच्या मधून चालत तो आयरीनच्या पायरीशी जाऊन उभा राहिला.

“आयरीन,” त्याने मोठ्याने हाक मारली, “आमचा जावई अंडी खातो काय गो?”

विहिरीवरचा रहाट करकरायचा थांबला. आयरीन काय म्हणाली, ते डोरोथीला ऐकू आलं नाही.